गाईच्या डोळ्यानं जागा बदलली

१

सव्वीस मुलांनी केंद्रकाला मायटोकाँड्रिया म्हटलं आणि नाव माझ्या आईचं आलं.

मंगळवारी सकाळी मी अकरावीच्या जर्नलांचा गठ्ठा घेऊन प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभी होते. दार अर्धं उघडं होतं. दहावीपर्यंतची दीपा असती तर मान खाली घालून परत गेली असती. पण यंदा मी वक्तृत्वात तालुक्यातून दुसरी आले आहे, त्यामुळे आता मी अशा ठिकाणी उभी राहते आणि ऐकते.

आत तिघं होते. प्राचार्य बबनराव सर, एप्रिलअखेर निवृत्त होणारे जीवशास्त्राचे नीळकंठ सर, आणि बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी यवतमाळहून आलेल्या परीक्षक रत्नप्रभा मॅडम. मॅडमचं हे आठवड्यातलं चौथं कॉलेज. त्या खुर्चीत बसल्या होत्या तशा बसल्यासारख्या नव्हत्याच, कोणीतरी आणून ठेवल्यासारख्या होत्या.

"स्पॉटिंगला दहा फोटो ठेवले होते," मॅडम म्हणाल्या. "चार नंबरला केंद्रक. केंद्रक ओळखता येत नाही असा मुलगा मी बघितलेला नाही. सव्वीसच्या सव्वीस जणांनी तिथे मायटोकाँड्रिया लिहिलंय. आणि सात नंबरला मायटोकाँड्रिया होतं, तिथे सगळ्यांनी केंद्रक. बाकी आठही उत्तरं बरोबर."

स्पॉटिंग म्हणजे काय ते सांगते. टेबलावर दहा फोटो मांडतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून काढलेले, काळे-पांढरे, पेशीच्या पोटातला एकेक भाग हजारो पट मोठा केलेला. प्रत्येकासमोर दीड मिनिट उभं राहायचं, नाव लिहायचं, घंटी वाजली की पुढे सरकायचं.

"एखाद्याची चूक होते," मॅडम म्हणाल्या, "पण सगळ्या वर्गाची एकच चूक होत नाही. कोणीतरी यादी दिली आणि लिहिताना चार-सातची अदलाबदल केली. नीळकंठ सरांनी तर पेपर बघितलेच नाहीत, गठ्ठा माझ्याकडे सरकवला. नाहीतर हे कालच लक्षात आलं असतं."

 नीळकंठ सर चष्म्याची काच धोतराच्या टोकानं पुसत राहिले.

"नंबरच्या चिठ्ठ्या मी साडेदहाला लावल्या," मॅडम पुढे म्हणाल्या. "मग इथे चहाला आले. अकराला मुलं आत गेली. मधला अर्धा तास किल्ली कोणाकडे होती?"

"तुळसाबाईकडे," बबनराव सर म्हणाले आणि बेल दाबली. लोडशेडिंग होतं, बेल वाजली नाही. मग त्यांनी हाक मारली.

तुळसाबाई म्हणजे माझी आई. चौदा वर्षं ती या लॅबमध्ये रोजंदारीवर अटेंडंट आहे. उद्या, बुधवारी बारा वाजता, संस्थेच्या कमिटीची बैठक होती आणि तिथे तिला कायम करण्याचा विषय होता. सहा नंबरचा विषय. घरी आम्ही तो नंबर पाठ केला होता.

आई ओल्या हातानं आली आणि दाराशीच थांबली.

"त्या अर्ध्या तासात लॅबमधे कोण आलतं?" बबनराव सरांनी विचारलं.

आईनं एकदा नीळकंठ सरांकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"कोणीच नाई सर. मी एकलीच होती."

"मग उद्याच्या मीटिंगमधे कायम करायचा विषय राहत नाही," बबनराव सर म्हणाले. त्यांना ते बोलायला आवडलं नाही हे दिसत होतं. "दुसराच विषय घ्यावा लागते. अन् या सव्वीस पोट्ट्यांचा पेपर रद्द होईल तो वेगळा."

आईनं मान हलवली. रागानं नाही, रडून नाही. बस निघून गेल्यावर माणूस स्टँडवर मान हलवतो ना, तशी.

मी जर्नलांचा गठ्ठा छातीशी आवळून उभी होते. कारण आई खोटं बोलत होती. सोमवारी दुपारी लॅबच्या बेसिनमधले कप मीच विसळले होते आणि कप दोन होते. आई लॅबमध्ये चहा पीतच नाही.

२

"सोड ना दीपे," आई म्हणाली. "अभ्यास नाई का तुले?"

चार वाजले होते. कॉलेज रिकामं झालं होतं. भिंतीपलीकडे कापूस खरेदी केंद्राची रांग लागली होती, आज तिसरा दिवस, बैलगाड्या जागच्या हलत नव्हत्या. गाडीवाले गाड्यांखाली सावलीला झोपले होते. बैलसुद्धा रवंथ करायचा कंटाळा आल्यासारखे उभे होते. खिडकीतून कापसाचे तंतू आत येऊन मायक्रोस्कोपवर बसत होते, आणि आई ते फडक्यानं टिपत होती. रोज टिपते. रोज येतात.

"दुसरा कप कोणाचा होता?"

"कोणता कप?"

"आई."

"मायाच होता. घेतला एखाद वेळी. तुले का हिशेब देऊ का घोटाघोटाचा?"

ती फोटोंच्या डब्याकडे वळली. हा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. वीस वर्षांपूर्वी नीळकंठ सरांनी नागपूरहून हे दहा फोटो मिळवून आणले आणि जाड पुठ्ठ्यांवर चिकटवले. फोटो अजून चांगले आहेत. पुठ्ठ्यांनी मात्र सगळं सोसलंय. एकावर चहा सांडलेला. एकावर सॅफ्रानिनचा, म्हणजे पेशी रंगवायच्या रंगाचा, लाल डाग. एकाचा कोपरा स्पिरिटच्या दिव्यानं जळलेला, एकावर शाई, एक उंदरानं कुरतडलेला.

फोटो ओळखायला मी यंदा शिकले. डिसेंबरात, लाइट नसताना, याच खिडकीशी बसून, पुस्तक मांडीवर घेऊन. पहिल्यांदा गॉल्जी हा पेशीतला भाग कोणी न सांगता ओळखला तेव्हा मला इतका आनंद झाला की भिंतीपलीकडच्या एका बैलाला मी तो फोटो दाखवला. बैलानं बघितलं नाही.

आईची तर सगळ्या फोटोंना स्वतःची नावं आहेत. नागाचा फणा काय, गाईचा डोळा काय. दिवाळीच्या सुट्टीनंतर डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा पुसता पुसता ती म्हणाली होती, "गाईच्या डोळ्यानं जागा बदलली वाटते." डब्यात फोटो मागेपुढे झाले असतील. मी तेव्हा हसले होते, आईला काहीही सुचतं म्हणून.

"आई, बारा वाजता मीटिंग आहे उद्या. तू बोलली नाहीस तर चौदा वर्षं गेली."

"गेलीच हायेत," आई म्हणाली. "आता का परत येऊन राह्यली थे?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी हरिसिंग काकांकडे गेले. ते शिपाई, चहा तेच नेतात. गेटच्या स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते, पण झोपले नव्हते.

"काका, सोमवारी साडेदहा ते अकरा तुम्ही लॅबमधे चहा नेलता?"

"नेला."

"किती कप?"

"दोन."

"कोणाला?"

त्यांनी एक डोळा उघडला. "तुया मायनं का सांगतलं?"

"एकलीच होते म्हणाली."

"मंग एकलीच असन."

"काका, तिची नोकरी जाऊन राह्यली."

हरिसिंग काकांनी दुसराही डोळा उघडला. मग हळू म्हणाले, "एक कप मायनं घेतला, म्या आग्रह केला म्हणून. दुसरा नीळकंठ सरांले. टेबलापाशी उभे होते सर. चष्मा काढेल होता. अन् एकेक फोटो उचलून नाकाले लावून पाहून राह्यले होते. वास घेतल्यासारखे."

३

आता माझ्याकडे अर्धा तास, दोन माणसं आणि एक यादी होती. आई नाही, तर सर. सर कशाला यादी देतील? शिकवणी ते घेत नाहीत. मुलांचे लाड करत नाहीत. तीन महिन्यांनी घरी बसणारा माणूस.

यादी खरी असेल तर ती कोणाच्या तरी हातात आली असेल. म्हणून मी राजदीपला गाठलं. राजदीप बारावीत आहे, आमच्याच वस्तीतला. सकाळी फरदडीचा, म्हणजे दुसऱ्या बहराचा, कापूस वेचून, अंग पुसून, तसाच प्रॅक्टिकलला गेला होता. घराच्या ओट्यावर तो हातातल्या बोंडांच्या ओरखड्यांना तेल लावत होता.

"यादी कोणी दिली रे?"

"तू बी आता?" तो म्हणाला. "सकाळपासून तिसऱ्यांदा सांगून राह्यलो. यादीबिदी नव्हती. आम्हाले तर फोटो कोणते ठेवले थेच आत गेल्यावर समजलं."

"मग ओळखलं कसं?"

"अभ्यास केलता."

"बरं. गॉल्जी कसा दिसतो?"

"जळक्या…" तो बोलता बोलता थांबला.

"जळक्या काय?"

"काई नाई. चपट्या पिशव्या अस्तेत, एकावर एक." त्यानं पुस्तकातलं वाक्य म्हणून टाकलं. "जाय आता, मले झोप येऊन राह्यली."

मी परत आले. पण जळक्या हा शब्द मला सोडेना. गॉल्जीच्या फोटोत जळकं काही नाही. जळका आहे तो पुठ्ठ्याचा कोपरा.

मी घरी वहीचा मागचा पुठ्ठा फाडला, फोटोच्या मापाचा कापला आणि त्यावर चमचाभर चहा सांडला. वाळू दिला. मग सायकल काढून थेट बाजारपेठेत. पियूषच्या वडिलांचं कृषी केंद्र आहे. पियूष बारावीत पहिला येतो आणि ते सगळ्यांना माहीत असावं याची काळजी घेतो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बियाण्यांच्या पोस्टरखाली तो पंख्याची वाट बघत बसला होता.

"तू का आली इथं?"

"एक विचारायचं होतं. हा कोणता?" मी पुठ्ठा त्याच्यासमोर एकदम धरला, आणि लगेच घड्याळाकडे बघितलं, परीक्षेत बघतात तसं.

"न्यूक्लियस. केंद्रक," पियूष म्हणाला.

मी पुठ्ठा तसाच धरून ठेवला.

त्यानं परत पुठ्ठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुठ्ठ्यावर फोटोच नव्हता.

४

पियूष आधी चिडून उठला, मग एकदम थकल्यासारखा परत स्टुलावर बसला.

"सगळेच असंच करतात," तो म्हणाला. "लाइट कधी असते कॉलेजमधे? दोन वर्षांत मायक्रोस्कोपचा दिवा आम्ही चार वेळा पाहिला. सर वर्गात म्हणतात, तो लाल डागाचा आणा, आज मायटोकाँड्रिया करू. तो चहाचा आणा, केंद्रक. मागच्या बॅचनं आम्हाले डाग लिहून दिले. आम्ही पुढच्या बॅचले देऊ. तुमच्याच."

"आणि फोटो?"

"फोटोकडे कोण पाहते?"

"यादी घेतली म्हणून तुमचे सव्वीस पेपर रद्द होणार आहेत," मी म्हटलं. "ओळखता येत नाही म्हटलं तर फक्त मार्क जातील. उद्या बाराला कॉलेजात ये."

तो काउंटरवरची बियाण्यांची पाकिटं सारखी करायला लागला.

म्हणजे यादी नव्हतीच. मुलांनी डाग ओळखले. लाल डागाच्या पुठ्ठ्यावर त्यांनी मायटोकाँड्रिया लिहिलं, जसं दरवर्षी लिहितात. पण यंदा लाल डागाच्या पुठ्ठ्यावर केंद्रक बसलेलं होतं. आणि चहाच्या डागावर मायटोकाँड्रिया. दोन फोटो सुटले होते आणि कोणीतरी परत चिकटवताना उलटे चिकटवले होते.

कोणी, ते मला गेटवरच समजायला हवं होतं. नाकाला लावून फोटो बघणारा माणूस.

बुधवारी सकाळी मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी माझं जर्नल त्यांच्यासमोर धरलं, उलटं. सरांनी पेन काढलं, पान बोटानं चाचपलं आणि उलट्या पानाच्या तळाशी, म्हणजे माझ्या नावावरच, सही केली.

"छान काढलंय," सर म्हणाले.

मला वाटलं होतं मला खूप आनंद होईल. रहस्य उलगडलं की होतो म्हणतात. मला नुसतं खाली बसावंसं वाटलं. डिसेंबरात याच सरांनी मला खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसलेलं बघितलं होतं, आणि म्हणाले होते, बघत राहा, घाई करू नको, दिसेल.

परत येताना आईला गाठलं. ती नळावर परीक्षानळ्या धूत होती.

"सरांना दिसत नाही," मी म्हटलं.

नळ चालूच राहिला.

"मोतीबिंदू हाये," आई म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. दोन वर्षं झाली. मी बोट ठेवतो तिथं सही करतेत. तीन महिने राह्यले त्यायचे. घरी बसवलं तर नावाले बट्टा लागते माणसाच्या. बत्तीस वर्षं शिकवलं त्यायनं."

"आणि तुझी चौदा?"

"मायासाठी अर्ज कोणी लिहिला? कमिटीकडे चार खेपा कोणी घातल्या?" तिनं नळी उलटी करून लाकडी घोडीवर ठेवली. "सरांचं नाव नाई घ्याचं तू. शप्पथ हाये."

बारा वाजायला तासभर होता. आईला वाचवायचं तर सरांचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि नाव घ्यायचं नाही अशी शपथ माझ्या डोक्यावर होती.

५

बैठकीला कमिटीचे पाच जण, बबनराव सर, मॅडम आणि नीळकंठ सर होते. टेबलावर पुरावा म्हणून उत्तरपत्रिका आणि ते दहा पुठ्ठे, नंबरच्या चिठ्ठ्यांसकट. आई भिंतीशी उभी. मी आत गेले तर एका सदस्यानं विचारलं, "ही कोण?"

"तुळसाबाईची पोरगी," बबनराव सर म्हणाले. "अकरावी सायन्स. दीपा, तू बाहेर थांब."

"दहा मिनिटं द्या सर. मॅडम, तुम्ही म्हणता यादी आईनं दिली. एवढंच तपासायचंय, आईला फोटो ओळखता येतात का."

कमिटीतलं कोणीतरी हसलं. रत्नप्रभा मॅडम हसल्या नाहीत. त्यांची बस दोनची होती आणि त्या नुसत्याही बसून राहणारच होत्या. "दाखवा," त्या म्हणाल्या.

मी वर्तमानपत्राच्या दहा चौकटी कापून आणल्या होत्या. त्या लावल्यावर फक्त फोटो दिसायचा, पुठ्ठा झाकला जायचा. पहिला फोटो मी आईसमोर धरला.

"मले नाव येत नाई मॅडम," आई म्हणाली.

"तुम्ही काय म्हणता ते सांगा."

आईनं पदर सारखा केला. "पोळ्यायची चळत. काठानं फुगेल हाये. सर त्याले गॉल्जी म्हणतेत."

"पुढचा?"

"बैलगाडीचं चाक. सेंट्रिओल." पुढचा. "कडब्याच्या गंज्या लावेल हायेत. हरितलवक."

हसणारा सदस्य आता पुढे वाकला होता. मी चार नंबरचा फोटो धरला.

"गाईचा डोळा," आई म्हणाली. "थे काळं बुबुळ. केंद्रक म्हणतेत सर."

"आणि हा?" सात नंबर.

"करंजी. मधोमध कापेल, आतल्या घड्या दिसतेत. मायटोकाँड्रिया."

मॅडमनी एकेक फोटो स्वतःच्या हातानं दाखवला. आईनं दहाच्या दहा सांगितले. चौदा वर्षं ती ते पुसत होती, आणि पुसताना मागे सर शिकवत होते.

"यादी आईनं दिली असती," मी म्हटलं, "तर चार आणि सात बरोबर असते."

"मुद्दाम चुकवली असेल," मॅडम म्हणाल्या. त्या चांगल्या परीक्षक आहेत. "संशय येऊ नये म्हणून."

याचं उत्तर दाराबाहेर होतं, म्हणजे असायला हवं होतं. मी दार उघडलं. व्हरांडा रिकामा होता.  मग खांबामागून आधी राजदीप आला, आणि त्याच्या मागे, सायकलची किल्ली बोटात फिरवत, पियूष.

मी चहा सांडलेला कोरा पुठ्ठा मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तो पियूषला दाखवला.

"हा केंद्रकाचा डाग आहे मॅडम," पियूष म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "आम्ही डागावरून लिहितो. सगळेच. फोटो नाही ओळखता येत."

"गॉल्जी जळक्या कोपऱ्याचा," राजदीप म्हणाला. "शाईवाला रायबोसोम."

 मॅडमनी चौकटी काढल्या, चार आणि सात नंबरचे पुठ्ठे समोर घेतले. बाकीच्या आठ फोटोंच्या कडांना जुनी पिवळी खळ होती. या दोघांच्या कडांना फेविकॉलचा पांढरा चकचकीत थर. त्यांनी ब्लेड मागवलं आणि फोटो अलगद सोडवले. पुठ्ठ्यांवर पेन्सिलनं डब्यातले जुने नंबर होते, फोटोंच्या पाठीवरही. तीन नंबरच्या पुठ्ठ्यावरून आठ नंबरचा फोटो निघाला. आठच्या पुठ्ठ्यावरून तीनचा.

"म्हणजे यादी नव्हती," मॅडम म्हणाल्या आणि डोळे चोळले. "फोटो उलटे चिकटवले गेले, आणि कोणी बघितलंच नाही. हे कोणी चिकटवले?"

मी आईकडे बघितलं. मी शपथ पाळली, तोंड उघडलं नाही.

"म्या," आई म्हणाली.

"तुळसाबाई?"

"दिवाळीच्या सुट्टीत. अंधार होता. चुकलं."

थोड्याच वेळापूर्वी तिनं गाईचा डोळा लांबूनच ओळखला होता. खोलीतल्या सगळ्यांना ते आठवत होतं. तरी कोणी काही म्हणेना, कारण तिनं कबूल केलं होतं आणि कबुली मिळाली की बैठका लवकर संपतात.

"बसा तुळसाबाई," नीळकंठ सर म्हणाले. ते उभे राहिले होते. एक हात टेबलाच्या कडेवर, कड कुठे संपते ते शोधत. "तुम्ही नाही चिकटवले. मी चिकटवले. अंधार होता हे खरंय, पण उजेड असता तरी मी तेच केलं असतं. मला दोन वर्षांपासून फोटो दिसत नाहीत. मीही डागच बघतो. मुलांना डाग मीच शिकवले."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "सोमवारी मी लॅबमध्ये गेलो होतो, फोटो बरोबर लागलेत ना ते बघायला. फोटो नाकाशी धरले. तरी नाही कळलं. तुळसाबाई बाजूलाच होत्या. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मला विचारायची लाज वाटली."

६

रत्नप्रभा मॅडमनी दोनची बस सोडली. गुरुवारी त्यांनी स्पॉटिंग परत घेतलं. दहाही फोटो पुठ्ठ्यांवरून काढून, नुसते, पांढऱ्या कागदावर. बाहेर कापसाची रांग चार गाड्यांनी पुढे सरकली होती. आत सव्वीस मुलं पहिल्यांदा पेशीच्या पोटात बघत होती. बऱ्याच जणांचे मार्क गेले. पियूष चार नंबरसमोर घंटी वाजली तरी उभा होता. मॅडमनी त्याला ढकललं नाही.

विषय क्रमांक सहा मंजूर झाला. सरांना एप्रिलपर्यंत राहू द्यायचं ठरलं, आणि परीक्षा संपली की यवतमाळला ऑपरेशन. तोवर तास घेताना आई त्यांच्या बाजूला उभी राहते. सर विचारतात, "तुळसाबाई, हातात कोणतं आहे?" आई सांगते. मग सर शिकवतात.

गुरुवारी संध्याकाळी लाइट नव्हतीच. आई बेसिनपाशी जुने पुठ्ठे ओले करून त्यांच्यावरचा गोंद खरवडत होती. मी खिडकीत बसले होते, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर बरीच खूश होते. मॅडम जाताना म्हणाल्या होत्या, ही मुलगी पुढे जाईल.

"आई," मी म्हटलं, "फोटो उलटे लागलेत हे तुला दिवाळीतच दिसलं होतं ना?"

"हाव."

"मग तेव्हाच काहून नाई सांगितलं?"

आईनं पुठ्ठा पालथा केला. चहाचा डाग पाण्यात फिकट झाला होता, पण गेला नव्हता.

"सांगतलं ना," ती म्हणाली. "तुलेच सांगतलं होतं. तू हसली."

मी खिडकीतून उतरले आणि तिच्या बाजूला उभी राहून दुसरा पुठ्ठा खरवडायला घेतला.